इथला पाटील कोण?

खटावकर काका कुठल्याही नव्या जागी शिरले की आधी दाराशी थांबतात. चष्मा कपाळावर चढवतात, खोलीभर नजर फिरवतात आणि शेजारी जो कोणी असेल त्याला हळूच विचारतात, "इथला पाटील कोण?"

जागा बँक असो, दातांचा दवाखाना असो, नाहीतर माझ्या मुलीचं किंडरगार्टन असो. जर्मनीत पाटील नसतात, हे त्यांना सतरा वर्षांत कुणी पटवू शकलेलं नाही. मीही प्रयत्न करून पाहिला आणि तोंडघशी पडले.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती परदेशी लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत. मी पुण्याहून नेकारसुल्मजवळच्या एका कंपनीत नुकतीच रुजू झाले होते. कंपनी गाड्यांच्या ब्रेकसाठी सॉफ्टवेअर बनवायची. साहेब म्हणाले, तुमच्याच भाषेतले एक जुने सहकारी आहेत, ते येतील सोबत. आले. तपकिरी कोट, हातात स्टीलचा डबा, खिशात काळी डायरी. खिडकीतल्या बाईंनी माझा फोटो नियमात बसत नाही म्हणून सांगितलं आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख देऊ केली. मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये भांडायला लागले. काका मात्र दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराच्या गुडघ्याची चौकशी करत होते. पाच मिनिटांनी येऊन म्हणाले, "खालच्या मजल्यावर फोटोचं यंत्र आहे. बाराच्या आत परत आलं तर नवा नंबर लागत नाही. चल." काम त्याच दिवशी झालं.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी डबा उघडून पातळ पोह्यांचा चिवडा पुढे केला. "तू साहेबिणीशी भांडत बसलीस. पाटील दाराशी उभा होता."

मी त्यांना 'सर' म्हणाले, तर म्हणाले, "सर तिकडे केबिनमध्ये बसतात. मला काका म्हण." तेव्हापासून काका.

काका पोटासाठी ब्रेकची चाचणी करायचे, पण जीव सोळाव्या-सतराव्या शतकात अडकलेला. टेबलावर जुन्या सनदांच्या झेरॉक्स प्रती, आणि डायरीतल्या नोंदी चक्क मोडीत. कुणी एक प्रश्न विचारायची खोटी, की गाडी सुटलीच. "हे बघ मधुरा. बादशहा बसला विजापुरात. गावं किती? हजारो. दर गावात शिपाई बसवायचा तर फौज पुरायची नाही. मग त्याने काय केलं? गाव ज्याचं आधीपासून ऐकतं, त्यालाच कागद दिला. वर एक शेला, एक पागोटं. आता पाटलाला बादशहा हवा, कारण कागद त्याचा. आणि बादशहाला पाटील हवा, कारण गाव त्याचं. इथल्या ड्यूकने तरी वेगळं काय केलं? पाटलाला शुल्थाइस म्हणायचे, एवढाच फरक."

एकदा आम्ही सहकुटुंब त्यांच्याबरोबर लुडविग्सबुर्गचा राजवाडा बघायला गेलो. सगळे छतावरची चित्रं बघत होते. काकांनी गाइडला थांबवून विचारलं, "गावोगावचे शुल्थाइस ड्यूकला भेटायला आले की कुठे बसायचे?" गाइड म्हणाली, ठाऊक नाही. "मग तुम्ही राजवाडा दाखवताय की फर्निचर?" माझा नवरा अनिकेत लाजून चार पावलं मागे सरकला.

हे सगळं नुसतं बोलणं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण काका ते कंपनीत अमलात आणायचे. डायरेक्टर आला तरी जागेवरून न उठणारा हा माणूस फाटकावरचे हेर (म्हणजे श्रीयुत) बेक, कँटीनच्या फ्राउ (म्हणजे श्रीमती) क्नाउस, जिने पुसणाऱ्या आलिनाबाई यांचे वाढदिवस डायरीत लिहून ठेवायचा. आता इथली रीत अशी, की ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. काका उलटं करायचे. त्या दिवशी सकाळी सकाळी डबा घेऊन त्या माणसाच्या दारात हजर. डबा दोन्ही हातांनी द्यायचे, जरासे वाकून.

जेवायलासुद्धा रोज वेगळ्या टेबलावर. सोमवारी फाटकावरच्या मंडळींबरोबर, मंगळवारी गोदामातल्या. वेळापत्रकच होतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस गप्पिष्ट आहे, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शिवाय सनदा. काकांनी एक गोल रबरी शिक्का बनवून घेतला होता आणि जाड पिवळसर कागदावर ते जर्मनमध्ये सनदा लिहायचे. हेर बेक यांच्या केबिनमध्ये एक फ्रेम करून लावली आहे. 'उत्तर फाटकाच्या किल्ल्या हेर बेक यांजकडे असून त्यांच्या संमतीवाचून कोणीही, डायरेक्टर धरून, आत येऊ नये.' खाली शिक्का. जर्मन माणसाला शिक्का दिसला की तो गंभीर होतो. हेर बेक ती सनद रोज सकाळी फडक्याने पुसतात.

मला हा सगळा लाळघोटेपणा वाटायचा, आणि तोही भलत्याच माणसांचा. एकदा तोंडावर म्हणालेही, "काका, ही गोड बोलून दिलेली लाचच आहे."

ते रागावले नाहीत. "लाच कामाच्या आदल्या दिवशी देतात. मान काम नसताना द्यायचा. एवढा एक फरक लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं नाही, आणि त्याचंच हे सगळं पुराण आहे.

मला तिथे दीड वर्ष झालं असेल. ऑक्टोबर होता, खिडकीबाहेर दिवसभर धुकं. एका सकाळी आम्हा तेवीस जणांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की विभाग लहान करायचाय, सात जणांना जावं लागेल. जर्मनीत असं कुणालाही काढता येत नाही. वय, नोकरीची वर्षं, घरात खाणारी तोंडं, यांचे गुण मोजतात. यादीवर बेट्रीब्सराटचं, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या समितीचं, मत घ्यावं लागतं. यादी दोन आठवड्यांनी, सोमवारी.

आमच्यातल्या यानने संध्याकाळपर्यंत एक्सेल बनवली. सगळ्यांनी आपापले आकडे प्रामाणिकपणे भरले, कारण तेही जर्मनीतच घडू शकतं. सहा जण तरुण, एकटे, ते खाली गेले. सातवी मी. आठव्या माणसाला दोन मुलं होती. पुन्हा गणित केलं, तरी सातवी मीच.

माझ्या परवान्यावर माझ्या नोकरीचं नाव आहे. ती गेली की थोडे महिने दुसरी शोधायला मिळतात, नाहीतर गाशा गुंडाळायचा. अनिकेत पुण्यातली नोकरी सोडून माझ्यामागे आलेला, त्याची जर्मनची परीक्षा अजून व्हायची होती. आणि आमची इरा, पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. आम्ही स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होतो, तर दारात उभी. "मामा, म्युस्सन वीअर वेक?" तिच्या जर्मनमध्ये मामा म्हणजे आई; आपल्याला जावं लागणार का, असं विचारत होती. मी म्हणाले, "नाही गं, कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये काकांना गाठलं. ते अठ्ठावन्न वर्षांचे, सतरा वर्षं नोकरी. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. "काका, समितीच्या अध्यक्ष फ्राउ रेन्त्स तुमच्या चांगल्या ओळखीच्या. एक शब्द टाका ना माझ्यासाठी."

काकांनी चमचा खाली ठेवला. "नाही टाकता यायचा."

"का?"

"मान दिला तो दिला. तो मोडून खाता येत नाही."

"मग सतरा वर्षं चिवडा वाटलात तो कशासाठी? बादशहा तरी सनदा फुकट वाटायचा का? त्याला सारा मिळायचा, फौज मिळायची. तुम्हाला काय मिळालं?"

माझा आवाज चढला होता. फ्राउ क्नाउसनी काउंटरवरून वळून पाहिलं. काका म्हणाले, "बादशहाचं चुकलंच तिथे." मग ताट उचलून निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की पुढे आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

यादीच्या आधीचा गुरुवार. काका चाचणीच्या हॉलमध्ये गेलेले, डायरी टेबलावर. मी ती उघडली. करायला नको होतं, पण उघडली. पानोपानी नावं आणि तारखा, तेवढ्या रोमन लिपीत. फ्राउ रेन्त्स यांचं नाव सापडलं, आणि तारीख बघून मला देवच पावल्यासारखं झालं. वाढदिवस रविवारी. म्हणजे यादीच्या बरोब्बर आदल्या दिवशी. शेजारी काकांनी मोडीत एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मोडी मला येत नाही. म्हटलं असेल काहीतरी, गोड आवडतं वगैरे.

रविवारी ऑफिस बंद. म्हणून शुक्रवारीच द्यायचं ठरवलं. संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्या केल्या, वरून वेलची, पिस्ते. अनिकेत म्हणाला, "मधुरा, हे बरं दिसेल का?" मी म्हणाले, "तू गप्प बस. इथे लोक मानाने मिळतात." काकांचंच वाक्य काकांना न विचारता वापरलं.

शुक्रवारी दहा वाजता समितीच्या खोलीचं दार वाजवलं. आत फ्राउ रेन्त्स आणि दोघं सभासद. टेबलावर निळी फाइल. मी काकांसारखी जराशी वाकले, डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि पाठ केलेलं वाक्य खणखणीत म्हणाले, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

एका सभासदाने खिडकीकडे तोंड केलं. फ्राउ रेन्त्स यांचा चेहरा पांढरा पडला.

"माझा वाढदिवस रविवारी आहे, फ्राउ साने."

"हो, पण रविवारी सुट्टी, म्हणून म्हटलं आधीच..."

"आमच्याकडे आधी शुभेच्छा देत नाहीत. अपशकुन होतो." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एरवी मी हसून सोडलं असतं. पण सोमवारी माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे."

काहीतरी करायचं म्हणून मी डबा टेबलावर ठेवला, तो नेमका निळ्या फाइलीला टेकला. फ्राउ रेन्त्सनी फाइल आपल्याकडे ओढून घेतली. "आणि आज, या फाइलीसमोर, मी तुमच्याकडून काहीही घेऊ शकत नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं."

मी डबा तिथेच टाकून बाहेर पडले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काका जागेवर होते. आठवड्याचा अबोला विसरून मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डायरी उघडली तेसुद्धा. ते आता रागावतील, म्हणून मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी डायरी काढली, ते पान उघडलं आणि रेघा मारलेली ओळ मला वाचून दाखवली. "आदल्या दिवशी कदापि नको. पहिल्या वर्षी चुकलो होतो."

मला रडू फुटलं. ऑफिसात रडणाऱ्यांतली मी नव्हे.

"आमच्या आजोबांची गोष्ट सांगतो," काका म्हणाले. "गावात बेंदराला बैलांची मिरवणूक. पहिला मान पाटलाच्या बैलाचा. त्याने वेस ओलांडली की बाकीच्यांनी जायचं. आमचा बैल शेवटून दुसरा. एका वर्षी वाजंत्र्याला बुजला आणि उधळला. सगळ्यांना मागे टाकून पाटलाच्या बैलाच्याही आधी वेशीतून पार. आजोबांना चावडीवर पाटलाच्या पायरीला नाक घासावं लागलं. बैलाच्या वतीने." ते स्वतःशीच हसले. "माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे. ते बघत होते. मरेपर्यंत सांगायचे, बैल काय सुंदर धावला होता."

"तुमच्या घराण्यात वतन नव्हतं?" मला इतके दिवस वाटायचं, हे मोठे देशमुख बिशमुख असणार.

"कसलं वतन. आमच्या नावाचा एक कागद कधी कुणी लिहिला नाही. तुझा डबा कुठे आहे?"

"वरच, त्यांच्या टेबलावर."

काका उठले. कोटाची बटणं लावली आणि जिना चढून गेले. वीस मिनिटांनी परत आले. मी डोळे लावून बसलेली. म्हणाले, "वड्या छान झाल्यात. वेलची जरा जास्त झाली." आणि कामाला लागले. मी किती खोदून विचारलं, पण त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, टाकला शेवटी शब्द. आणि लगेच वाटलं, माझ्यामुळे त्यांना तो टाकावा लागला.

शनिवार-रविवार कसे गेले विचारू नका. अनिकेतने पुण्याच्या विमानांची तिकिटं बघून ठेवली होती, मी पाहिलं तर लॅपटॉप झाकला. इराने आपली सगळी सॉफ्ट खेळणी एका पिशवीत भरून पलंगाखाली ठेवली होती. तिला काही विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी नऊपासून फोन वाजायला लागले. ज्याचा फोन वाजेल त्याने वर जायचं. पहिला यानचा वाजला. गेला, अर्ध्या तासाने आला, कॉम्प्युटरचं आवरायला लागला. एक्सेल त्यानेच केलेली, त्यामुळे त्याला आश्चर्य वाटलं नसावं. मग दुसरा, तिसरा. दुपारी दोनपर्यंत सहा. मी टेबलावरच्या फोनकडे बघत होते. पाणी प्यायलाही उठले नाही. अडीच. तीन. सव्वातीनला आमच्या साहेबांनी दारात येऊन सांगितलं, "झालं. आता कुणालाही बोलावणार नाहीत."

"सात होते ना?" कुणीतरी विचारलं.

"एक जण स्वतःहून जातोय. शुक्रवारी सही केली त्याने."

मी वळून पाहिलं. काकांच्या टेबलावर झेरॉक्स नव्हत्या. रबरी शिक्का एका खोक्यात, चिवड्याच्या डब्याशेजारी. खुर्ची रिकामी.

ते फाटकावर हेर बेक यांच्या केबिनमध्ये चहा पीत बसले होते. मी धापा टाकत पोचले. "काका, काय केलंत तुम्ही?"

"बस आधी. हेर बेक, हिलाही एक कप."

"मला चहा नकोय. मला विचारलंत तुम्ही? मी मागितलं होतं का हे?"

"तू शब्द मागितला होतास. शब्द टाकला असता तर फ्राउ रेन्त्सना वाटलं असतं, सतरा वर्षांचा चिवडा यासाठीच होता. म्हणून त्यांच्याकडे काही मागितलं नाही. राजीनाम्याचा कागद दिला आणि खाली आलो."

"आणि मी काय करू आता? हे उपकार जन्मभर डोक्यावर घेऊन फिरू?" मी खरंच चिडले होते. आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता.

काकांनी कप खाली ठेवला. हेर बेक यांना आमचं मराठी कळत नव्हतं, तरी ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

"उपकार कसले. मी साधा हिशोब केला," काका म्हणाले. "नोकरी गेल्यावर संध्याकाळी घरी जाऊन सांगावं लागतं. तुला दोघांना सांगावं लागलं असतं. मला कुणालाच सांगायचं नव्हतं. माझं सोपं होतं."

मी तो चहा घेतला. गार झाला होता, तरी पूर्ण प्यायले.

बुधवारी फ्राउ रेन्त्स माझ्या टेबलाशी आल्या. नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं होतं. त्यांनी माझा डबा परत दिला. आत त्यांच्या वाढदिवसाच्या केकचे तीन तुकडे. "हेर खटावकर म्हणाले होते, तुमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत." जाता जाता थांबल्या. "इतकी वर्षं मी वाट बघत होते, हा माणूस एक दिवस काहीतरी मागेल म्हणून."

डिसेंबरच्या शेवटी काकांचा निरोप. इथे जाणारा माणूसच सगळ्यांना खाऊ घालून जातो. काकांनी तीन मोठे डबे भरून चिवडा केला, काकूंच्या पद्धतीने, खोबऱ्याचे काप जास्त घालून. डायरेक्टर आले आणि पाच मिनिटं बोलून गेले. बाकीचे कुणी हलेनात. फ्राउ क्नाउस, आलिनाबाई, गोदामातले झाडून सगळे. शेवटी हेर बेक आले. इतक्या दिवसांत फाटक सोडून वर आलेले मी त्यांना प्रथमच बघत होते. किल्ल्या दुसऱ्याकडे देऊन आले होते, आणि तसं त्यांनी आल्या आल्या सांगितलंही.

त्यांच्या हातात जाड पिवळसर कागद होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला, जरासे वाकून. जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'हेर खटावकर यांस उत्तर फाटकाच्या केबिनपर्यंत केव्हाही येण्याचा हक्क राहील. त्यांची खुर्ची कोणी हलवू नये.' खाली फाटकावरचा, पार्सलं घेताना मारतात तो शिक्का.

काकांनी कागद वाचला. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा वाचला. आम्ही सगळे थांबलो होतो. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "यावर माझं नाव आहे." एवढंच म्हणाले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. फ्राउ क्नाउस माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, काकांना आवडलंय.

निघताना डायरी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "हे आता तुझं वतन. मोडी शिकून घे." मी म्हणाले, मला नाही हो जमायचं हे असलं. पण घेतली. घरी गेल्यावर एकेक पान उलटलं. दीडशेच्या वर नावं असतील, माझं आहे, अनिकेतचं आहे, इराचं आहे. त्यांचं स्वतःचं कुठेही नव्हतं. सतरा वर्षांत त्यांनी स्वतःचा केक कधी आणला नाही, त्यामुळे त्यांची तारीख कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मी दीड वर्ष त्यांचा चिवडा खाल्ला, पण मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्याची मला फार लाज वाटली.

आता काका दर मंगळवारी दुपारी फाटकावर येतात. सनद दाखवतात. हेर बेक ती आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखी नीट वाचतात आणि दार उघडतात. खुर्ची जागेवर असते. जेवणाच्या सुट्टीत मी खाली जाते. गोदामातले येतात, आलिनाबाई येतात. इराही एकदा आली होती. काकांनी तिला विचारलं, "इथला पाटील कोण?" तिने सरळ हेर बेक यांच्याकडे बोट दाखवलं.

गेल्या आठवड्यात हेर बेक यांचा मला फोन आला. आवाज अगदी हळू. काका आता कंपनीचे नोकर नाहीत, त्यामुळे सनद असली तरी पाहुण्यांचा फॉर्म भरावाच लागतो. जर्मनीच आहे ही. नव्या वर्षाचा नवा फॉर्म निघाला होता आणि त्यात जन्मतारखेचा रकाना होता. "फ्राउ साने, येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी," हेर बेक म्हणाले. मी डायरी उघडून त्या तारखेच्या पानावर काकांचं नाव लिहिलं. दुपारपर्यंत फ्राउ क्नाउस, फ्राउ रेन्त्स, सगळ्यांना कळलं होतं. केक कुणी करायचा यावरून थोडी बाचाबाचीही झाली. मी वड्या करणार आहे, वेलची कमी घालून.

काल मंगळवार होता. काका आले, सनद दाखवली, खुर्चीत बसले. केबिनमध्ये आम्ही सात-आठ जण, आणि कुणी तोंड उघडेना. फ्राउ क्नाउस छताकडे बघत होत्या. हेर बेक किल्ल्या पुसत होते.

"आज सगळे गप्प का?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका," मी म्हणाले. "पुढच्या मंगळवारी सांगते. आज नाही सांगता येत."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग टेबलावरच्या त्या फॉर्मकडे बघितलं. मग त्यांनी डबा उघडला आणि खाली मान घालून चिवड्यातले खोबऱ्याचे काप एकीकडे करत बसले, बराच वेळ.